अल्ट्रा म्हणजे शंभरपैकी शंभर नव्हे

मंडळी, आजचा विषय वाचून काहीजण हसतील. सत्तरी ओलांडलेला, मराठी घेऊन बी. ए. झालेला, आयुष्यभर व्याकरण आणि निबंध शिकवलेला माणूस व्हिडिओ गेमच्या ग्राफिक्स सेटिंग्जवर लिहायला बसला म्हणजे याला आता दुसरा उद्योग उरला नाही, असंच कुणालाही वाटेल. वाटू दे. गेली दीड-दोन वर्षं हा विषय आमच्या घरात रोजचा आहे. त्यात पैसा अडकला आहे, मुलांचा मानापमान अडकला आहे, आणि थोडंसं भाषेचंही प्रकरण आहे. तेव्हा मत मांडायचा अधिकार मी घेतोच!

मत आधीच सांगून टाकतो. गेमच्या सेटिंग्जमध्ये 'लो', 'मीडियम', 'हाय', 'अल्ट्रा' अशा ज्या पायऱ्या असतात, त्या मुलं गुणपत्रिकेसारख्या वाचतात. लो म्हणजे काठावर पास, हाय म्हणजे फर्स्ट क्लास, आणि अल्ट्रा म्हणजे बोर्डात पहिला! या वाचनापायी चांगली चालती यंत्रं अडगळीत जातात आणि आईबापांच्या खिशाला भोक पडतं. त्या पायऱ्या गुण नाहीत, ते खर्चाचे आकडे आहेत. आणि कुठे किती खर्च करायचा हे ठरवायला शिकणं ही मुलांनी घेण्यासारखी चांगली विद्या आहे.

ज्यांना या जगाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं प्रास्ताविक. सिनेमा आधी चित्रित झालेला असतो, सेकंदाला २४ चित्रं ठरलेल्या क्रमाने पडद्यावर येतात. गेमचं तसं नाही. खेळणारा कुठे वळेल, कुठे बघेल हे आधी ठाऊक नसतं, त्यामुळे प्रत्येक चित्र यंत्राला त्या क्षणी नव्याने काढावं लागतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर हजार मिलिसेकंदांना ६० ने भागा. एका चित्राला मिळाले साधारण १६.७ मिलिसेकंद. ३० चित्रं चालणार असतील तर ३३.३ मिलिसेकंद. मी गणिताचा शिक्षक नव्हतो, पण एवढा भागाकार मलाही येतो.

आता त्या १६.७ मिलिसेकंदांत काढायचं किती, तेही पाहा. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे बरोबर चौपट. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायचा. त्यावर ऊन आहे की सावली, पाण्यातलं प्रतिबिंब आहे की धुकं, हे सगळं बघायचं, आणि तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत. हा वेळ म्हणजे महिन्याचा पगार समजा. सावल्यांवर जास्त उधळलं तर पाण्याला कमी उरणार. आपल्याकडे म्हण आहेच, अंथरूण पाहून पाय पसरावेत. सेटिंग्जचं पान म्हणजे हे अंथरूण मोजायची जागा.

हे काही आजचं नाही. १९९३ च्या डिसेंबरमध्ये 'डूम' नावाचा गेम आला. त्या वेळचे कितीतरी संगणक त्याला पुरे पडत नसत. म्हणून त्यात सोय होती, चित्राची चौकट बारीक करा, किंवा बारकावा 'हाय'वरून 'लो'वर आणा. लोकांनी पडद्याच्या मधोमध पोस्टकार्डाएवढं चित्र करून तो गेम खेळला आणि त्या काळाच्या आठवणी ते अजून काढतात. पुढे २००७ मध्ये 'क्रायसिस' आला. त्याची सगळ्यात वरची पायरी त्या वर्षीच्या चांगल्या चांगल्या यंत्रांना झेपेना. त्यावरून, कुणी नवा संगणक घेतला की यावर क्रायसिस चालेल का, असं विचारायची थट्टाच पडून गेली. मला त्यातून एवढंच समजतं, की वरची पायरी बऱ्याचदा उद्याच्या यंत्रासाठी बांधलेली असते. आजच्या यंत्रावर ती नीट चालत नाही यात यंत्राची नाचक्की काही नाही.

आता आमच्या घरातलं. थोरला नातू डिप्लोमाला आहे आणि माझ्याकडे राहतो. त्याच्याकडे जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड असलेला जुना संगणक आहे. हे कार्ड २०१६ च्या जुलैत बाजारात आलं. पुढे कित्येक वर्षं स्टीम या गेमविक्रीच्या मंचाच्या पाहणीत, जगात सर्वाधिक खेळणाऱ्यांकडे असलेलं कार्ड म्हणून त्याचंच नाव वर असे. म्हणजे सामान्यांचं कार्ड म्हणा ना! तर एके दिवशी हे चिरंजीव बेचाळीस हजारांचं कोटेशन घेऊन माझ्यापुढे उभे.

"आबा, कार्ड पार जुनं झालंय. रेड डेड अल्ट्रावर अडखळतोय."

"मग अल्ट्रावर कशाला खेळतोस?"

"मग काय लोवर खेळू? पोरं हसतील मला."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी कोटेशन बाजूला ठेवलं. इथे कार्डाचा प्रश्न निम्माच होता. उरलेला निम्मा प्रश्न त्या 'लो' या शब्दाचा होता. मी त्याला म्हटलं, पैसे द्यायचे की नाही ते नंतर बघू, आधी ते सेटिंग्जचं पान मला दाखव.

'रेड डेड रिडेम्प्शन २' हा १८९९ सालच्या अमेरिकेतल्या दरोडेखोरांचा गेम. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो आधी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला, तेव्हा त्याच्या देखणेपणाची वाहवा झाली. वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ मध्ये तो संगणकावर आला. गंमत अशी, की ज्या रूपाला लोकांनी वर्षभर डोक्यावर घेतलं होतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी संगणकावरच्या पानात 'लो' आणि 'मीडियम' या नावांखाली होत्या! चित्र तेच, झाड तेच, फक्त वर आणखी तीन मजले चढवल्यामुळे खालचा मजला तळघर झाला. दुसरी गंमत म्हणजे या गेमसाठी निर्मात्यांनी 'शिफारस केलेलं' म्हणून जे कार्ड छापलं होतं ते जीटीएक्स १०६० च. शिफारस केलेलं याचा अर्थ अल्ट्रावर धावणारं असा नसतो, हे नातवाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या पानावरचे शब्द बघून मात्र मी थक्क झालो. सगळं इंग्रजी, आणि तेही अभियंत्यांचं इंग्रजी. नातू रोज त्यात फिरतो, पण अर्थ विचारला की "असंच असतं ते" हे उत्तर. शब्दाचा अर्थ न कळता सेटिंग बदलणं म्हणजे संधी न सोडवता श्लोक पाठ करण्यासारखं आहे. म्हणून आम्ही एक वही घातली. डावीकडे त्यांचा शब्द, उजवीकडे आमचा.

टेक्स्चर म्हणजे पोत. हा शब्द आपल्याकडे आधीपासूनच आहे, साडीचा असतो तसा भिंतीचा, मातीचा, घोड्याच्या खोगिराचा पोत. याला वेग फारसा लागत नाही, कार्डावरची मेमरी लागते. मेमरी पुरेशी असेल तोवर पोत खुशाल वर ठेवावा. ती संपली की मात्र गेम एकदम धक्के देऊ लागतो. अँटीअलायझिंग म्हणजे तिरक्या कडांवर दिसणाऱ्या पायऱ्या घासून सपाट करणं. त्याचे प्रकार अनेक. त्यातला एमएसएए नावाचा प्रकार या गेममध्ये इतका खर्चिक आहे की तो बंद करताच यंत्राने सुटकेचा नि:श्वास टाकला. ॲम्बियंट ऑक्लूजन म्हणजे सांदीकोपऱ्यातला अंधार, कपाटाखाली, भिंतीच्या कोनात जो किंचित काळोख असतो तो. व्हॉल्युमेट्रिक म्हणजे धुक्याचा आणि धुळीचा दाटपणा, ज्यातून उन्हाचे पट्टे दिसतात. हिवाळ्यात सकाळी प्रीतिसंगमावर कृष्णेच्या पाण्यावर जे तरंगतं ते. हे सुंदर दिसतं आणि भयंकर महाग पडतं. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग या अक्राळविक्राळ नावाचा अर्थ इतकाच, की तिरकी दूर जाणारी जमीन लांबवरही स्पष्ट दिसावी. नाव सर्वांत मोठं आणि खर्च सर्वांत कमी! आमच्या शाळेतही अशी नावं होती.

मग परीक्षा घेतली. या गेममध्ये बेंचमार्क नावाची सोय आहे. काही मिनिटांची ठरलेली दृश्यं तो आपणहून चालवतो आणि शेवटी आकडे देतो. म्हणजे दरवेळी प्रश्नपत्रिका तीच. नियम एकच ठेवला, एका वेळी एकच सेटिंग बदलायचं, आकडा वहीत लिहायचा, आणि मग पडद्यासमोर बसून डोळ्यांना काय फरक दिसतो तेही लिहायचं. दोन संध्याकाळी गेल्या. सगळं अल्ट्रावर असताना सरासरी चौतीसच्या आसपास होती आणि मध्येच बावीसपर्यंत घसरत होती. पाण्याच्या लाटांचं गणित, धुकं, प्रतिबिंबं आणि दूरच्या सावल्या एक-दोन पायऱ्या उतरवल्या, एमएसएए बंद केलं, पोत मात्र वरच ठेवला. सरासरी पन्नासच्या घरात गेली. आणि डोळ्यांना? खरं सांगतो, नातवाने आळीपाळीने दोन्ही चित्रं दाखवून कुठलं अल्ट्रा ते ओळखायला सांगितलं, तर चारपैकी दोनदा मी चुकीचं सांगितलं. त्याच्या मित्रालाही बसवलं. तोही गडबडला. हसणारी पोरं ती हीच!

इथे सरासरीबद्दल एक सांगायला हवं. वर्गाची सरासरी साठ टक्के आहे म्हणून शाळा खूष असते, आणि मागच्या बाकावरची चार मुलं नापास झालेली असतात. फ्रेमचंही तसंच. सेकंदाला सरासरी साठ चित्रं असली तरी त्यातलं एखादं चित्र चाळीस मिलिसेकंद रखडलं की डोळ्यांना तोच धक्का जाणवतो. म्हणून आकडा किती मोठा यापेक्षा तो किती सारखा राहतो हे बघावं. एक मजेशीर हिशेब सांगतो. ३० आणि ६० यांच्या मध्यावरचा आकडा कोणता? आपण म्हणू ४५. पण एका चित्राला लागणाऱ्या वेळेत बघा, ३३.३ आणि १६.७ यांचा मध्य येतो २५ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला ४० चित्रं. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या स्टीम डेक या हातात धरायच्या यंत्रावर पडदा चाळीसच्या तालावर चालवायची सोय दिली गेली आणि ती लोकांना आवडली. वीस चित्रं वाचली, तरी हालचालीतला निम्मा फायदा पदरात पडला.

मात्र आमच्या नातवाचा मॉनिटर साधा, साठच्याच तालावर चालणारा. कार्डाच्या वेगाप्रमाणे आपला ताल बदलणारे मॉनिटर असतात (एनव्हिडियाचं जी-सिंक २०१३ मध्ये जाहीर झालं, मग एएमडीचं फ्रीसिंक आलं), तसा तो नाही. साठच्या तालात पन्नास चित्रं सारखी बसत नाहीत, काही एक ठोका टिकतात, काही दोन. त्यामुळे शेवटचा निर्णय घ्यायची वेळ आली, आणि तिथे आमचे मार्ग वेगळे झाले.

नातवाने एफएसआर चालू केलं. ही एएमडीची २०२१ मध्ये आलेली युक्ती. चित्र लहान काढायचं आणि हिशेबाने मोठं करून दाखवायचं. तिची सुधारलेली दुसरी आवृत्ती या गेममध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये आली, आणि विशेष म्हणजे ती प्रतिस्पर्धी कंपनीच्या जुन्या कार्डांवरही चालते. 'क्वालिटी' हा पर्याय घेतला की फुल एचडी पडद्यासाठी यंत्र १२८० गुणिले ७२० एवढंच चित्र काढतं, म्हणजे २० लाखांऐवजी ९ लाख २१ हजार ६०० ठिपके. त्याचे साठ जवळजवळ कायम टिकू लागले. मोबदल्यात झाडांची पानं आणि घोड्याची आयाळ थोडी लुकलुकते. त्याला ते चालतं. बंदूक रोखताना हात आणि पडदा एकाच वेळी हलले पाहिजेत, एवढंच त्याचं मागणं.

मला ते लुकलुकणं खुपतं. मी गोळीबार करतच नाही. घोड्यावर बसतो आणि नुसता हिंडतो. म्हणून माझ्यासाठी त्याने वेगळी मांडणी करून दिली. एफएसआर बंद, धुकं आणि झाडं वर, आणि वेग तीसवर बांधून टाकलेला. प्रत्येक चित्र बरोबर दोन ठोके टिकतं, धक्का नाही. यंत्र तेच, गेम तोच, उत्तरं दोन, आणि दोन्ही बरोबर. निबंधाला एकच आदर्श उत्तर नसतं हे मी पस्तीस वर्षं वर्गात सांगत होतो. बेचाळीस हजार बँकेतच राहिले. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची फी त्यातून जाईल.

आता 'लो' या शब्दाच्या लाजेबद्दल. जी मुलं फोनवर बीजीएमआय खेळतात त्यांना विचारा. त्यातले मुरलेले खेळाडू चित्र 'स्मूथ' या सगळ्यात साध्या पायरीवर ठेवतात आणि फ्रेम रेट झेपेल तेवढा वर नेतात. काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धांत लाखोंची बक्षिसं जिंकणारे कित्येक खेळाडू आजही १२८० गुणिले ९६० अशा जुनाट आकाराच्या चित्रावर, बरीचशी सजावट उतरवून खेळतात. म्हणजे जे सर्वांत चांगलं खेळतात त्यांनीच सजावट बाजूला ठेवलेली! पैलवान आखाड्यात उतरताना फेटा बांधून उतरत नाही.

आणि प्रत्येक सजावट खरेपणाच्या जवळ नेते असंही नाही. मोशन ब्लर, फिल्म ग्रेन, क्रोमॅटिक ॲबरेशन, लेन्स फ्लेअर ही सगळी कॅमेऱ्याची किंवा फिल्मची लक्षणं. काचेमुळे रंगांच्या कडा फाटणं, फिल्मवरचे दाणे, भिंगात उन्हाची फुली उमटणं. छायाचित्रकार जे दोष टाळायला धडपडतात ते इथे मुद्दाम घातलेले असतात. काही जणांना त्यामुळे सिनेमाचा आभास आवडतो, माझी हरकत नाही. पण तो आवडीचा प्रश्न आहे, गुणवत्तेचा नाही. सावलीचंही तेच. दुपारच्या उन्हात उंच झाडाच्या शेंड्याची सावली जमिनीवर बघा, कडा पुसट असते. सुरीने कापल्यासारखी धारदार सावली दिसली म्हणजे ती जास्त खरी, असं समजायचं कारण नाही.

दुसऱ्यांच्या सेटिंग्जची यादी जशीच्या तशी उतरवण्याबद्दलही माझं मत वाईट आहे. शेजाऱ्याचा चष्मा कितीही चांगला असला तरी आपल्या डोळ्यांना लागत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाने हप्त्यांवर नवं कार्ड घेतलं आणि गेमचा वेग होता तिथेच राहिला. त्याचा जुना प्रोसेसर कार्डाला काम पुरवूच शकत नव्हता. स्वयंपाकी कितीही तडफदार आणा, भाजी चिरणारा एकच म्हातारा असेल तर पंगत उशिराच उठणार. हे आधी कळायला एक पैसाही लागत नाही. रिझोल्यूशन एकदम कमी करून बघायचं. वेग वाढला तर अडचण कार्डाची. वाढला नाही तर बहुधा प्रोसेसरची, आणि मग कार्डावर घातलेला पैसा पाण्यात. तो मुलगा अजून हप्ते फेडतो आहे. ही दोन मिनिटांची परीक्षा त्याला विकणाऱ्याने सांगितली नाही, आणि यूट्यूबवर त्याने पाहिलेल्या व्हिडिओंत ती नव्हती.

याला दुसरी बाजू आहे, ती लपवणं बरोबर नाही. काही गेम आता जुन्या कार्डांवर कितीही पायऱ्या उतरलात तरी सुरूच होत नाहीत. डिसेंबर २०२४ मधला इंडियाना जोन्सचा गेम, आणि मे २०२५ मध्ये आलेला 'डूम: द डार्क एजेस', या दोन्हींना प्रकाशकिरणांचा हिशेब यंत्रातच करू शकणारं कार्ड लागतं. ज्या डूमने १९९३ मध्ये चित्र पोस्टकार्डाएवढं करून गरिबाला आत घेतलं, त्याच घराण्याच्या वंशजाने दारावर पाटी लावली! जीटीएक्स १०६० च्या पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं. सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहेत. म्हणजे नातवालाही कधीतरी नवं कार्ड घ्यावं लागेल. जरूर घ्यावं. त्यातला प्रकाश खरोखर देखणा आहे, मी पाहिला आहे, आणि सुंदर गोष्टीसाठी पैसे साठवण्यात पाप नाही. माझं म्हणणं इतकंच, की खरेदी गरजेपोटी व्हावी, 'लो' या शब्दाच्या लाजेपोटी होऊ नये.

शिवाय हे दिवस घाईने खरेदी करायचे नाहीत. २०२५ च्या अखेरीस एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा उचलायला सुरुवात केली आणि सामान्य ग्राहकाला मिळणाऱ्या मेमरीचे भाव भडकले. मायक्रॉनने तर 'क्रूशियल' या नावाने घरगुती ग्राहकांना मेमरी विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. अशा वेळी हाती असलेलं यंत्र आणखी दोन वर्षं नीट चालवणं ही कंजुषी नाही, शहाणपण आहे. विजेचंही बघा. जीटीएक्स १०६० चं कमाल मापन १२० वॅट. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आरटीएक्स ५०९० चं ५७५ वॅट. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा ७५ वॅटचा धरला तर साडेसात पंखे! मे महिन्यात, बंद खोलीत, ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून ज्यांच्याकडे भारी कार्ड आहे त्यांनीही वेगाला मर्यादा घालावी. साठच्या मॉनिटरवर दीडशे चित्रं काढत बसणं म्हणजे टाकी भरून वाहत असताना मोटर चालू ठेवणं.

थोडं निर्मात्यांनाही सांगतो, त्यांच्यापर्यंत पोचो न पोचो. तुम्ही इतकी सुंदर डोंगर-दऱ्या-आभाळं रचता, मग एवढं एक पान माणसाला कळेल असं का लिहीत नाही? काहींनी ते करून दाखवलं आहे. 'रेसिडेंट ईव्हिल २'च्या २०१९ मधल्या आवृत्तीत सेटिंग बदलताना किती मेमरी लागेल याची पट्टी दिसते. त्याच वर्षीच्या 'गिअर्स ५'मध्ये कुठल्या सेटिंगचा भार प्रोसेसरवर, कुठल्याचा कार्डावर हे लिहिलेलं असतं. मग सगळीकडे का नाही? आणि चित्र लहान काढून मोठं करण्याची जी युक्ती अडलेल्याला आधार म्हणून आली, ती आता काही गेमच्या छापील गरजांमध्येच गृहीत धरलेली असते. २०२३ च्या 'ॲलन वेक २'चं उदाहरण बघा. कुबडी देणं चांगलं, पण कुबडी धरूनच रस्ता आखायला लागलो तर धडधाकट माणसंही लंगडू लागतील.

आणि पालकांना, विशेषतः माझ्यासारख्या आजी-आजोबांना एक विनंती. मूल नवं कार्ड मागू लागलं तर लगेच खिशात हात घालू नका, आणि लगेच ओरडूही नका. शेजारी खुर्ची ओढून बसा. त्याला एकेका शब्दाचा अर्थ तुम्हाला समजावून सांगायला लावा. सांगता सांगता त्याचं त्यालाच समजत जाईल, हा शिक्षकी पेशातला जुना अनुभव आहे. वही घाला, एका वेळी एक गोष्ट बदला, लिहून ठेवा. जगात पुढे त्याला पगार पुरवायचा आहे, वेळ पुरवायचा आहे, सगळं अल्ट्रावर ठेवून कुणाचाच संसार चालत नाही. काय वर ठेवायचं आणि काय खाली आणलं तरी चालतं, हे ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी ठरवता आलं, त्याला दुकानदार सहसा फसवू शकत नाही.

असो. बरंच लांबलं. कुणाकडे या इंग्रजी शब्दांना आमच्या वहीतल्यापेक्षा चांगले मराठी शब्द असतील तर जरूर कळवा. 'टेसेलेशन'ला आम्ही तूर्त 'उठाव' लिहिलं आहे, पण नातवाला तो १८५७ चा वाटतो!